लंडनच्या भूगर्भातील अबोल स्थानके

रेल्वे स्थानक म्हटले की गर्दी आलीच. गाडीची वाट पाहणारे, गाडी नुकतीच चुकलेले, निरोप द्यायला आलेले आणि पाहुण्यांना उतरवून घ्यायला आलेले अशा नाना तऱ्हेच्या माणसांनी स्थानक सदैव गजबजलेले असते. परंतु जगातील सर्वांत जुनी भुयारी रेल्वे ज्या शहरात धावते, त्या लंडनच्या भूगर्भात अशीही काही स्थानके आहेत, जेथून दररोज शेकडो गाड्या जातात आणि एकही थांबत नाही. तेथे तिकीट खिडकी उघडत नाही, उद्घोषणा होत नाही, फलाटावर पाऊल वाजत नाही. पिकॅडिली मार्गावरील गाडी ग्रीन पार्क सोडून हाइड पार्क कॉर्नरकडे निघाली की भुयाराच्या लोखंडी भिंतीच्या जागी क्षणभर विटांची भिंत दिसते आणि लगेच नाहीशी होते. बहुतेक प्रवाशांच्या ते ध्यानातही येत नाही. ही विटांची भिंत म्हणजे एका बंद स्थानकाची खूण आहे.

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या प्रवासात निरनिराळ्या कारणांनी बंद पडलेल्या स्थानकांची संख्या चाळीसच्या आसपास भरते. त्यांतील काही उघड्यावरची होती व पुढे पाडली गेली. काही मात्र आजही जमिनीखाली जशीच्या तशी उभी आहेत. ती का बांधली गेली, का बंद झाली आणि बंद झाल्यावर त्यांचे काय झाले, हा इतिहास केवळ रेल्वेप्रेमींनाच नव्हे, तर हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येकाला विचार करायला लावणारा आहे. बँकेच्या व्यवहारात ज्या खात्यावर दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराकडून उलाढाल झालेली नाही, त्यास 'निष्क्रिय' म्हटले जाते. पण निष्क्रिय म्हणजे शिल्लक शून्य असा त्याचा अर्थ कधीच होत नाही. लंडनच्या या अबोल स्थानकांची गोष्ट नेमकी हीच आहे.

पहिले भुयार, पहिली चूक

मुंबई आणि ठाणे यांच्या दरम्यान १८५३ मध्ये आगगाडी धावली, त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १० जानेवारी १८६३ रोजी, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन या मार्गावर लंडनची पहिली भुयारी गाडी सुरू झाली. रस्ता खणायचा, खाली रूळ घालायचे आणि वरून छत टाकून रस्ता पूर्ववत करायचा, अशी त्या वेळची बांधकामाची रीत होती. गाड्या वाफेच्या इंजिनावर चालत आणि भुयारात धूर कोंडत असे.

खोल भूगर्भात, रस्त्याला धक्का न लावता, गोल नळीसारखे भुयार खणून त्यात विजेवर गाडी चालवण्याचा प्रयोग १८९० मध्ये 'सिटी अँड साउथ लंडन रेल्वे' या कंपनीने यशस्वी केला. या मार्गाचे शहरातील शेवटचे स्थानक म्हणजे 'किंग विल्यम स्ट्रीट'. खाजगी मालमत्तेखालून भुयार न्यायचे तर मालकांना मोबदला द्यावा लागे. तो वाचवण्यासाठी भुयार शक्यतो सार्वजनिक रस्त्यांखालूनच नेण्यात आले. परिणामी स्थानकाजवळ येताना मार्गाला तीव्र वळण आणि अवघड चढ आला. त्या काळच्या अशक्त विद्युत इंजिनांना हा चढ एका दमात चढवत नसे. प्रसंगी गाडी मागे उतरवून पुन्हा जोर लावावा लागे. डब्यांच्या खिडक्याही अगदी अरुंद होत्या. भुयारात पाहण्यासारखे काहीच नाही, मग खिडकी हवी कशाला, असा त्यामागचा विचार होता. लोकांनी या डब्यांना वेड्यांच्या कोठडीची उपमा दिली.

प्रवासी वाढले, गाड्या वाढवाव्या लागल्या. पण या अडचणीच्या जागी त्या वाढवता येईनात. अखेर फेब्रुवारी १९०० मध्ये कंपनीने नवी भुयारे खणून मार्ग मूरगेटपर्यंत नेला आणि किंग विल्यम स्ट्रीट स्थानक जेमतेम नऊ वर्षांच्या सेवेनंतर बंद केले. त्याच्या जागी जवळच जे नवे स्थानक झाले, त्याचे नाव 'बँक'. बँक ऑफ इंग्लंडच्या सान्निध्यामुळे पडलेले हे नाव आजही कायम आहे. प्रारंभी वाचवलेला पैसा पुढे दुप्पट खर्च करायला लावतो, हा धडा तेथील रेल्वेला पहिल्याच दशकात मिळाला.

स्पर्धेतून जन्म, विलीनीकरणातून अस्त

विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये भुयारी मार्गांची लाटच आली. ही सर्व कामे सरकारची नव्हती. निरनिराळ्या खाजगी कंपन्या भांडवल उभे करून आपापले मार्ग खणत होत्या. चार्ल्स टायसन यर्कीस या अमेरिकन भांडवलदाराने उभारलेल्या कंपनीने १९०६ आणि १९०७ या दोन वर्षांत तीन मोठे मार्ग सुरू केले. ते पूर्ण झालेले पाहण्याचे भाग्य मात्र यर्कीस यांना लाभले नाही. १९०५ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. या मार्गांवरील स्थानकांचे वास्तुरचनाकार लेस्ली ग्रीन यांनी गडद तांबड्या चकचकीत फरशांनी मढवलेल्या दर्शनी भिंतींची जी शैली रूढ केली, ती आजही लंडनच्या रस्त्यांवर ओळखू येते. ग्रीन यांचाही वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, १९०८ मध्ये, अंत झाला.

प्रत्येक कंपनी स्वतःच्या सोयीपुरते पाही. १९०० साली 'सेंट्रल लंडन रेल्वे'ने ब्रिटिश म्युझियमनजीक त्याच नावाचे स्थानक उघडले. सहा वर्षांनी दुसऱ्या कंपनीने तेथून हाकेच्या अंतरावर होबर्न हे आपले स्थानक उभारले. दोन्ही मार्ग जमिनीखाली परस्परांना छेदून जात. पण एका गाडीतून दुसऱ्या गाडीत बसायचे तर प्रवाशाने वर यायचे, रस्त्याने चालायचे आणि पुन्हा खाली उतरायचे! कंपन्यांची मालकी एका छत्राखाली आल्यावर ही विसंगती डोळ्यांत सलू लागली. होबर्न येथे सेंट्रल मार्गासाठी नवे फलाट बांधण्यात आले आणि सप्टेंबर १९३३ मध्ये ब्रिटिश म्युझियम स्थानक बंद झाले. आज त्याचे फलाटही काढून टाकलेले आहेत. धावत्या गाडीतून दिसतात त्या केवळ भिंतीवरच्या मळकट पांढऱ्या फरशा.

भारतीय बँक कर्मचाऱ्यांना आणि ग्राहकांना या प्रकाराचे नवल वाटू नये. १ एप्रिल २०२० रोजी सार्वजनिक क्षेत्रातील दहा बँकांचे चार बँकांमध्ये विलीनीकरण झाले, तेव्हा एकाच पेठेत, एकाच चौकात समोरासमोर असलेल्या दोन शाखा एकाच बँकेच्या होण्याचा योग अनेक ठिकाणी आला. दोहोंपैकी कोणती ठेवायची हा प्रश्न अशा वेळी केवळ ताळेबंदाचा राहत नाही. ज्या शाखेत निवृत्तिवेतन घेण्यासाठी वर्षानुवर्षे पायी येणारे वृद्ध खातेदार असतात, त्यांच्यासाठी तो पायांखालच्या वाटेचा प्रश्न असतो. लंडनमध्येही ज्यांच्या दारातले स्थानक गेले, त्यांनी हेच अनुभवले असणार.

एका मिनिटाचा हिशेब

स्थानके बंद होण्याचे सर्वांत मोठे पर्व १९३० च्या दशकात आले आणि त्याला दोन गोष्टी कारणीभूत ठरल्या. पहिली म्हणजे सरकता जिना.

खोल भुयारांतील आरंभीच्या स्थानकांत प्रवाशांची चढउतार उद्वाहनांतून, म्हणजे लिफ्टमधून होत असे. लिफ्ट उभी खाली जाते, त्यामुळे स्थानकाचे प्रवेशद्वार बहुधा फलाटाच्या जवळपास वरच असे. प्रत्येक लिफ्टला चालक लागे आणि गर्दीच्या वेळी माणसे तिष्ठत उभी राहत. १९११ मध्ये अर्ल्स कोर्ट स्थानकावर भुयारी रेल्वेचा पहिला सरकता जिना बसला आणि चित्र पालटले. जिना तिरपा जातो. जितकी खोली अधिक, तितका तो आडवाही दूर पोहोचतो. साहजिकच जिन्यासाठी नवे प्रवेशद्वार जुन्या जागेपासून काही अंतरावर उघडावे लागले. अशा रीतीने एका स्थानकाचे दार शेजारच्या स्थानकाच्या दिशेने सरकले की मधल्या अंतराचा प्रश्नच मिटे.

दुसरे कारण म्हणजे वाढते उपनगर. पिकॅडिली मार्ग १९३२ आणि १९३३ मध्ये उत्तरेला कॉकफॉस्टर्सपर्यंत आणि पश्चिमेलाही दूरवर नेण्यात आला. लांबून येणाऱ्या हजारो नोकरदारांच्या दृष्टीने मध्य लंडनमधील प्रत्येक थांबा म्हणजे सुमारे एका मिनिटाचा खोळंबा. गाडीचा वेग कमी करा, दारे उघडा, बंद करा, पुन्हा वेग घ्या. ज्या स्थानकावर मोजकीच माणसे चढत, तेथील थांबा काढला तर हजारोंचा वेळ वाचणार होता. हा हिशेब निर्विवाद होता आणि तो करण्यात आला.

याच हिशेबात पहिला बळी गेला तो डाउन स्ट्रीटचा. १५ मार्च १९०७ रोजी सुरू झालेले हे स्थानक मेफेअर या धनिकांच्या वस्तीत होते. तेथील रहिवाशांना भुयारी रेल्वेची गरजच नव्हती. त्यांच्या दारात स्वतःची वाहने उभी असत. शिवाय दोन्ही बाजूंची स्थानके साधारण अर्ध्या किलोमीटरवरच होती. २१ मे १९३२ रोजी डाउन स्ट्रीटला शेवटची गाडी थांबली. त्याच वर्षी किंग्ज क्रॉसच्या उत्तरेकडील यॉर्क रोड बंद झाले आणि १९३४ मध्ये ब्रॉम्प्टन रोड. ब्रॉम्प्टन रोडवर तर त्यापूर्वीच कित्येक गाड्या न थांबता पुढे जात. आपले स्थानक नकाशावर असूनही गाडी थांबत नाही, हा अनुभव तेथील प्रवाशांना आधीच येऊन चुकला होता.

१९३३ च्या जानेवारीत हॅरी बेक यांनी रेखाटलेला लंडन भुयारी रेल्वेचा सुप्रसिद्ध रंगीत नकाशा प्रवाशांच्या हाती पडला. सरळ रेषा, समान अंतरे आणि नेटकी वळणे असलेल्या या नकाशाने जगभरातील रेल्वे नकाशांना वळण लावले. पुढे जे स्थानक बंद होई ते नकाशावरून पुसले जाई. रेषा मात्र तशीच अखंड राही. पाहणाऱ्याला शंकाही येऊ नये, इतक्या सफाईने या जागा जनस्मृतीतून वजा होत गेल्या.

ज्यांचे नशीबच निराळे

काही स्थानकांच्या कहाण्या याहून विलक्षण आहेत. हॅम्पस्टेड आणि गोल्डर्स ग्रीन यांच्या दरम्यान 'नॉर्थ एंड' नावाचे स्थानक बांधायला घेतले होते. जवळच्या मद्यगृहाच्या नावावरून लोक त्याला 'बुल अँड बुश' असेही म्हणतात. भूपृष्ठापासून सुमारे ६७ मीटर खोल असे हे स्थानक पूर्ण झाले असते, तर लंडनच्या भुयारी रेल्वेतील सर्वांत खोल स्थानक ठरले असते. वरच्या मोकळ्या रानावर वस्ती होईल आणि ती वस्ती प्रवासी पुरवील, असा कंपनीचा अंदाज होता. परंतु हेन्रिएटा बार्नेट या समाजसेविकेने ते रान वाचवण्यासाठी मोहीम उभारली, सुमारे ८० एकर जमीन सार्वजनिक मोकळी जागा म्हणून राखली गेली आणि कंपनीचे गणित कोलमडले. फलाटांची भुयारे खणून झालेली असताना १९०६ मध्ये काम थांबले. एकाही प्रवाशाने या स्थानकाचे तिकीट कधी काढले नाही. तोट्यात गेलेल्या या गुंतवणुकीच्या डोक्यावर लंडनकरांना कायमची हिरवी जागा मिळाली, हे त्यातले समाधान.

साउथ केंटिश टाउनची कथा अगदी साधी आणि म्हणूनच चटका लावणारी आहे. ५ जून १९२४ रोजी रेल्वेच्या वीजकेंद्रातील कामगारांनी संप केला आणि विजेअभावी हे स्थानक तात्पुरते बंद ठेवण्यात आले. संप मिटला, वीज आली. पण एवीतेवी येथे प्रवासी तुटपुंजेच, तेव्हा उघडायचे कशाला, असा विचार झाला आणि तात्पुरते बंद झालेले स्थानक कायमचे बंद राहिले. कवी जॉन बेचमन यांनी चुकून या अंधाऱ्या फलाटावर उतरलेल्या एका प्रवाशाची कथा लिहून त्याला साहित्यात जागा मिळवून दिली. त्याची तांबड्या फरशांची इमारत रस्त्यावर अजून उभी आहे आणि तीत दुकान चालत आले आहे.

क्रिकेटप्रेमी वाचकांना कुतूहल वाटावे असे एक स्थानक म्हणजे 'लॉर्ड्स'. १८६८ मध्ये 'सेंट जॉन्स वुड रोड' या नावाने ते मेट्रोपॉलिटन मार्गावर सुरू झाले आणि १९२५ मध्ये नावातील 'रोड' गळाला. नागपूरचे सुपुत्र सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ जून १९३२ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर आपला पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा मैदानाजवळचे हे स्थानक चालू होते. ११ जून १९३९ रोजी त्याला 'लॉर्ड्स' हे नाव देण्यात आले. परंतु जवळून जाणारा नवा खोल मार्ग सुरू होताच त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते बंद झाले. जगप्रसिद्ध मैदानाचे नाव या स्थानकाने जेमतेम पाच महिने मिरवले. १९८३ च्या विश्वचषकासाठी कपिल देव यांचा संघ लॉर्ड्सवर उतरला, तेव्हा ते स्थानक इतिहासजमा होऊन चार दशके लोटली होती.

युद्धाने वाजवलेली घंटा

हिशेबाच्या वहीत निरुपयोगी ठरलेल्या या जागांचे खरे मोल दुसऱ्या महायुद्धाने दाखवून दिले.

आकाशातून बाँब पडू लागल्यावर शहरातील सर्वांत मौल्यवान वस्तू कोणती? जमिनीखालची खोल, कोरडी आणि रिकामी जागा! डाउन स्ट्रीटच्या बंद स्थानकात देशभरातील रेल्वेचे नियंत्रण करणाऱ्या 'रेल्वे एक्झिक्युटिव्ह कमिटी'ने आपले ठाणे हलवले. फलाटांच्या कडेने विटांची भिंत घालून कार्यालये, दूरध्वनी केंद्र, स्वयंपाकघर, निजण्याच्या खोल्या आणि स्नानगृहे तयार करण्यात आली. भिंतीपलीकडून नेहमीच्या गाड्या धडधडत जात आणि अलीकडे सैन्य, दारूगोळा व कोळसा कोणत्या मार्गाने न्यायचा याचे निर्णय होत. अधिकाऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी फलाटाचा एक चिमुकला तुकडा मोकळा ठेवला होता. लाल दिवा दाखवून गाडी क्षणभर थांबवायची आणि चालकाच्या कक्षात चढून जायचे, अशी व्यवस्था होती. १९४० च्या अखेरीस, लंडनवर रात्रंदिवस बाँबवर्षाव चालू असताना, स्वतः पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी अनेक रात्री येथे काढल्या. प्रवासी मिळत नाहीत म्हणून मोडीत काढलेल्या स्थानकाला असा प्रवासी मिळाला!

ब्रॉम्प्टन रोड येथे लंडनच्या विमानवेधी तोफांचे नियंत्रण केंद्र आले. स्ट्रँडनजीकच्या ऑल्डविच स्थानकाच्या भुयारात ब्रिटिश म्युझियममधील अमोल ठेवा, त्यात पार्थेनॉनची संगमरवरी शिल्पेही, सुरक्षित ठेवण्यात आला. पूर्व लंडनमध्ये सेंट्रल मार्गासाठी खणलेल्या, पण अद्याप रूळ न पडलेल्या भुयारांत सुमारे दोन हजार कामगारांचा विमानाच्या सुट्या भागांचा कारखाना चालला.

सामान्य माणसांना मात्र ही जागा भांडून घ्यावी लागली. भुयारी स्थानकांचा आश्रयस्थान म्हणून उपयोग करू देण्यास प्रारंभी शासन राजी नव्हते. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनकरांनी साधीसुधी तिकिटे काढली, पांघरुणे घेऊन फलाट गाठले आणि ते वर आलेच नाहीत. शासनाला नमते घ्यावे लागले. त्याच महिन्यातील एका रात्रीच्या मोजणीत १ लाख ७७ हजार माणसे भुयारी रेल्वेत निजलेली आढळली.

पण याच कालखंडातील एक घटना विसरता येत नाही. बेथनल ग्रीन हे पूर्व लंडनमधील स्थानक बांधून होत आले होते. गाड्या सुरू व्हायच्या होत्या. तोवर त्याचा निवारा म्हणून उपयोग होई. आत जाण्यास एकच अरुंद वाट, पायऱ्यांच्या मधोमध धरायला कठडा नाही, प्रकाश अगदी मंद. हे प्रवेशद्वार भक्कम करण्यासाठी स्थानिक परिषदेने १९४१ मध्ये संमती मागितली होती. ती मिळाली नाही. ३ मार्च १९४३ च्या रात्री धोक्याचा भोंगा वाजला, लोक जिना उतरू लागले आणि जवळच्या उद्यानातून नव्या प्रकारच्या विमानवेधी अग्निबाणांचा कानठळ्या बसवणारा आवाज झाला. गर्दी घाईने पुढे सरकली, पायऱ्यांवर कोणी तरी कोसळले आणि अवघ्या काही क्षणांत माणसांवर माणसे पडत गेली. त्या रात्री त्या परिसरात एकही बाँब पडला नाही. तरीही १७३ माणसे गुदमरून मरण पावली. त्यांत ६२ बालके होती. स्थानकालगत उलट्या जिन्याच्या आकाराचे त्यांचे स्मारक उभे आहे. ते २०१७ मध्ये पूर्ण झाले.

रिकामी जागा केवळ आहे म्हणून ती आपोआप आधार ठरत नाही. तिच्या पायऱ्या, कठडे, दिवे आणि दारे यांची निगा कोणी तरी राखावी लागते. डाउन स्ट्रीट आणि बेथनल ग्रीन या दोन नावांतील अंतर हे एवढेच आहे, आणि ते फार मोठे आहे.

शिल्लक अजून संपलेली नाही

युद्धानंतरही स्थानके बंद होतच राहिली. त्यांत सर्वाधिक परिचित नाव ऑल्डविचचे. १९०७ मध्ये 'स्ट्रँड' या नावाने सुरू झालेले आणि १९१५ मध्ये नव्या नावाने ओळखले जाऊ लागलेले हे स्थानक होबर्नपासून निघणाऱ्या छोट्याशा फाट्याच्या टोकाला आहे. भारताच्या उच्चायुक्तालयाची 'इंडिया हाउस' ही १९३० मधील वास्तू येथून चालत काही मिनिटांवर आहे. (स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या वास्तव्यामुळे मराठी वाचकांच्या मनात घर करून असलेले 'इंडिया हाउस' निराळे, ते उत्तर लंडनमधील हायगेटला होते.) १९९० च्या दशकात दिवसाकाठी सुमारे ४५० प्रवासीच ऑल्डविचचा लाभ घेत. त्याच्या १९०७ पासूनच्या लिफ्ट बदलण्याचा खर्च होता सुमारे ३० लाख पौंड. ३० सप्टेंबर १९९४ रोजी स्थानकाला कुलूप लागले.

मात्र जुन्या काळातील फलाट, फरशा आणि तिकिटघर जसेच्या तसे राहिल्याने चित्रपट निर्मात्यांना ऑल्डविच म्हणजे आयतेच सापडलेले नेपथ्य ठरले. 'अटोनमेंट' (२००७) या चित्रपटातील युद्धकालीन स्थानकाची दृश्ये येथेच चित्रित झाली. १९९९ मध्ये ज्युबिली मार्ग दुसरीकडे वळवल्याने अवघ्या २० वर्षांत निवृत्त झालेले चेरिंग क्रॉसचे फलाटही असेच उपयोगी पडतात. 'स्कायफॉल' (२०१२) मधील जेम्स बाँडचा भुयारी पाठलाग तेथील आहे. लंडन परिवहन संग्रहालयाच्या वतीने या जागांच्या मार्गदर्शित सहली निघतात आणि डाउन स्ट्रीटची युद्धकालीन स्नानगृहे पाहायला लोक तिकीट काढून येतात. ब्रॉम्प्टन रोडची इमारत ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने २०१४ मध्ये ५ कोटी ३० लाख पौंडांना विकली. ज्या जागेवर थांबणे एका मिनिटाच्या मोलाचे वाटले नव्हते, तिला ही किंमत आली.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र सिटी रोडचे आहे. १९०१ मध्ये सुरू होऊन १९२२ मध्ये बंद पडलेल्या या स्थानकाची फक्त हवा खेळती ठेवणारी उभी विहीर तेवढी वापरात राहिली होती. शंभर वर्षांहून अधिक काळ गाड्यांची चाके, त्यांचे गतिरोधक आणि माणसांची गर्दी यांची उष्णता पिऊन लंडनची चिकणमाती तापली आहे. भुयारे खणली तेव्हा सुमारे १४ अंश सेल्सिअस असलेली ही माती आता पुष्कळच उष्ण झाली आहे. इझ्लिंग्टन परिषदेने २०२० मध्ये सिटी रोडच्या विहिरीवर मोठा पंखा आणि उष्णता खेचणारा पंप बसवला. भुयारातील कोमट हवेतून उष्णता काढून घेऊन तिने सुमारे ८० अंशांपर्यंत पाणी तापवले जाते आणि ते नळांवाटे परिसरातील १,३०० हून अधिक घरांना ऊब देते. उन्हाळ्यात हाच पंखा उलटा फिरवून भुयारात गार हवा सोडता येते. १९२२ मध्ये स्थानकाला टाळे लावणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कल्पनेतही हा उपयोग आला नसता. परंतु त्यांनी विहीर बुजवली नाही, म्हणूनच तो शक्य झाला.

बंद करावे, पण बुजवू नये

लंडनच्या या स्थानकांचा इतिहास जुन्याला कवटाळून बसायला सांगत नाही. किंग विल्यम स्ट्रीट बंद झाले नसते तर मार्ग वाढला नसता. डाउन स्ट्रीटचा थांबा काढला नसता तर उपनगरांतील हजारो प्रवाशांचा रोजचा वेळ वाया गेला असता. होबर्नला दोन मार्ग एकत्र आले, यात प्रवाशांचे हितच झाले. काळ बदलला की सेवा बदलावी लागते, हे कोणत्याही सार्वजनिक संस्थेला मान्य करावेच लागते.

प्रश्न असतो तो बंद करण्याच्या रीतीचा. वार्षिक ताळेबंद एखाद्या वास्तूवर आज होणारा खर्च आणि आजचे उत्पन्न दाखवतो. उद्याच्या संकटात किंवा परवाच्या गरजेत तिचे मोल काय असेल, हे त्याच्या रकान्यात मावत नाही. ज्यांनी भुयारे मोकळी ठेवली, त्यांच्या नातवंडांना युद्धात आसरा आणि थंडीत ऊब मिळाली. जेथे किरकोळ खर्चाला नकार मिळाला, तेथे १७३ माणसांचे जीवनदीप विझले.

भारतात कोलकात्याने १९८४ मध्ये भुयारी रेल्वेचा श्रीगणेशा केला आणि त्यानंतर दिल्ली, बंगळूरु, चेन्नई, पुणे, मुंबई अशी एकेक महानगरे जमिनीखाली उतरली. आपली भुयारी स्थानके अजून तरुण आहेत. त्यांच्या निवृत्तीचा विचार करण्याची वेळ आलेली नाही. तथापि संस्था, इमारती, शाखा आणि सेवा यांच्या बाबतीत 'आता याचा उपयोग काय?' हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे येतो. त्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी खाते पुन्हा एकदा काळजीपूर्वक तपासावे. उलाढाल थांबली असेल. शिल्लक कदाचित मोठी असेल.